मधला कोन

१६ जून, सोमवार
बाकोबाचा, म्हणजे बाजू-कोन-बाजूचा, व्हिडिओ एकदाचा झाला. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन सारखा असला की दोन त्रिकोण एकरूप. पुस्तकात ही कसोटी चार ओळींत उरकलीय. शाळेत शिकवत होते तेव्हा दरवर्षी नववीची पोरं ती पाठ करायची, आणि दरवर्षी ‘मधला’ हा शब्द तेवढा गाळायची. फळ्यावर कितीही ओरडलं तरी.

म्हणून या खेपेला उलटं दाखवलं. कोन मधला नसेल तर काय होतं ते. तळाला आडवी रेघ. डाव्या टोकाला कोन पक्का, त्यातून एक बाजू तिरकी वर गेलेली. तिच्या वरच्या टोकाला दुसरी बाजू टांगली आणि झुलवली, दाराची फळी हलते तशी. ती तळाच्या रेघेला एकदा अलीकडे टेकते, एकदा पलीकडे. बाजूंची लांबी तीच. कोन तोच. त्रिकोण मात्र दोन, एक अरुंद, एक ऐसपैस.

इथे कंपनीत ॲनिमेशन करतो अझहर. मी शेजारी खुर्ची ओढून बसते आणि त्याचं डोकं खाते. म्हटलं, “टेकली की तिला क्षणभर तिथंच राहू दे. मी पण काही बोलणार नाही.”
“ताई, लोक म्हणतील व्हिडिओ अडकला.”
“म्हणू देत.”
हसला. पण तसंच केलं. मग त्याने स्वतःहूनच बाकीच्या रेघा फिक्या केल्या, झुलणारी तेवढी ठसठशीत. मला हे सुचलं नसतं.

दुपारी फोम लावलेल्या खोलीत जाऊन आवाज दिला. एका दमात झाला. इतकं स्वच्छ मी फळ्यावर कधी काढलं नव्हतं.
कंपनी ज्यांची, त्या रोहित सरांनी पाहिलं. “छान. जरा स्लो आहे.”

२४ जून, मंगळवार
मीटिंग. रोहित सर, मार्केटिंगची दोघं, मी. आमचे व्हिडिओ आता शाळांना दाखवायचेत म्हणून सगळं ‘एकसारखं’ करायचंय. रंग एकसारखे, सुरुवातीचं संगीत एकसारखं. आणि आवाज.
“अर्चना मॅडम, कंटेंट तुमचाच राहणार. फक्त व्हॉइस आपण प्रोफेशनल घेतोय.”
विचारलं, माझ्या आवाजाला काय झालं?
“काही नाही हो. खूप आपुलकी आहे त्यात. पण थोडा… बोली वाटतो. शाळांना न्यूट्रल लागतो.”

न्यूट्रल म्हणजे कोणत्या गल्लीतला, हे विचारायला हवं होतं. आत्ता सुचतंय. तिथे नुसती मान हलवली.

घरी येताना बसमध्ये माझेच व्हिडिओ कानाला लावून ऐकले. खरं आहे. बाबा परभणीहून पिंपरीला कंपनीत लागले, मी इथे वसाहतीत वाढले, डी.एड., बी.एस्सी., बी.एड. सगळं केलं, तरी माझा ण कच्चाच. त्रिकोणात ण आणि कोनात न. चौकोनात परत न. मी तिन्हीकडे नच म्हणते. म्हणजे कोन आणि चौकोन माझे बरोबर, फक्त त्रिकोण चुकतो. पण कोन बरोबर म्हटला म्हणून मला कधी कोणी शाबासकी दिली नाही.

नवरा घरी नव्हता, सुनील कारखान्यात सेकंड शिफ्टला गेलेला. फोनवर सांगितलं तर म्हणाला, “आमच्यात असंच असतं. पार्ट आपण काढायचा, शिक्का त्यांचा.” समजूत घालतोय की काय, कळेना.

१ जुलै, मंगळवार
नवा आवाज आला. केतकी. पुनावळ्याला राहते, आधी रेडिओच्या जाहिराती करायची. वाईट बाई नाही. उलट फारच गोड. मला ‘अर्चनाताई’ म्हणाली, डब्यातली आंबाडीची भाजी मागून घेतली.

तिचा ण घंटेसारखा वाजतो.

भूमिती दहावीनंतर सुटली म्हणाली, भीतीच वाटायची. वाचते मात्र सुंदर. मी काचेबाहेर बसून तिला खुणा करायच्या, हे माझं नवं काम. “जिथे तुम्ही बोट वर कराल तिथे मी थांबेन,” म्हणाली. दिवसभर बोट वर करून बसले.

अझहर चहाला म्हणाला, “मनाला लावून घेऊ नका ताई. आपलं काम आपल्याला माहितीये.” बरं वाटलं.

बाबांना दाखवला नव्या आवाजातला व्हिडिओ. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनांत जन्म गेला, कान तिथेच राहिले. त्यांच्यासाठी आधी मी बोलत होते काय आणि आता केतकी बोलतेय काय. “छान झालाय,” मोठ्याने म्हणाले आणि अर्ध्यात डोळे मिटले. जुन्यालाही असेच झोपले होते.

१९ जुलै, शनिवार
चिंचवडला हॉल घेऊन कार्यक्रम झाला. शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक, शाली, गुच्छ. स्टेजवर रोहित सर आणि केतकी. निवेदक म्हणाला, “आणि आता भेटूया त्या ताईंना, ज्यांनी भूमिती सोपी केली.” टाळ्या. केतकीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणेल, त्या ताई मी नाही, त्या तिथे बसल्यात. ती नमस्कार करून हसली आणि खाली बसली.

पडद्यावर बाकोबाच दाखवला, पण पुरता नाही. रेघ झुलायला लागली आणि लगेच आमचं बोधचिन्ह आलं. मला वाटलं कार्यक्रमासाठी तुकडा कापला असेल.

मागच्या रांगेत माझ्या जुन्या शाळेतली मंदा बोऱ्हाडे भेटली. मोशीतलं जुनं घर तिचं, गणितच शिकवते. मला कोपर मारून म्हणाली, “ही बया कोन गं? तू न्हाई का केलंय हे?” म्हटलं, आवाज तिचा आहे. “मग तुझं काय हाय त्यात?”
सांगायला गेले तर राष्ट्रगीत सुरू झालं.

२ ऑगस्ट, शनिवार
खूप दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. वर्तुळाची स्पर्शिका चालू आहे. अझहर आता हेडफोन लावून काम करतो. खुर्ची ओढली की एक कान मोकळा करतो. एकच.

१९ ऑगस्ट, मंगळवार
मंदाचा फोन. मी चिंचवड स्टेशनच्या पुलावर होते, गाडीचा आवाज, तरी तिचा चढलेला सूर कळला.
“अर्चे, तुमी काय शिकवताय पोरांना?”
घटक चाचणीत नववीला एक प्रश्न होता: दोन त्रिकोण, दोन बाजू सारख्या, एक कोन सारखा, पण तो मधला नाही. एकरूप आहेत का? अर्ध्या वर्गाने ठोकून लिहिलं, ‘होय, बाकोबा’. विचारलं तर म्हणे व्हिडिओत सांगितलंय.
म्हटलं, शक्यच नाही. तोच तर मुद्दा आहे त्या व्हिडिओचा.
“बघ जाऊन. म्या लावून बघितला वर्गात. माझ्याच पोरांसमोर तोंडावर पडले मी.”

पुलावरच उभी राहून पाहिला.
झुलणारी रेघ नाही. तो अख्खा भाग नाही. केतकीचं वाक्य असं आहे, “दोन बाजू आणि एक कोन समान असेल, तर त्रिकोण एकरूप.” मग संगीत, मग बोधचिन्ह.
‘मधला’ काढलाय. पोरं गाळायची, आता आम्हीच गाळून देतो.

२० ऑगस्ट, बुधवार
रोहित सरांकडे गेले. उभ्यानेच बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग फोनवर आलेख दाखवला. लोक व्हिडिओ कुठे सोडून जातात त्याचा. रेघ टेकून थांबते, बरोबर तिथे. “लोकांना वाटतं अडकला. म्हणून एडिटिंगला सांगितलं लहान करा. त्यांनी केला.”
“पण आता तो चूक आहे.”
“चूक नाही, सिम्प्लिफाय केलाय.”
“सर, चूक आहे. दोन त्रिकोण निघतात. काढून दाखवू?”
काढून दाखवले, त्यांच्या टेबलावरच्या कागदावर. त्यांना कळलं. चेहऱ्यावर कळलं ते दिसलं. इंजिनिअर आहेत, का नाही कळणार. तरी म्हणाले, “शाळांना गेलाय आता. मागे घेतला तर बाकीच्यांवरही शंका येईल. पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी ही नववी दहावीत असेल.

केतकीला विचारलं, वाचताना कळलं नाही? ती खरंच घाबरली. “ताई, मला नवा कागद दिला, मी वाचला. तुम्ही त्या दिवशी काचेबाहेर नव्हता.” नव्हते. मला कोणी बोलावलंच नव्हतं.

२३ ऑगस्ट, शनिवार
घरीच केला. खाटेवर पांढरी चादर अंथरली, खराट्याच्या काड्या घेतल्या. सुनीलला सुट्टी, तो स्टुलावर उभा राहून फोन धरून. वरची काडी टाचणीने टोचली आणि बोटाने झुलवली. अलीकडे टेकली. थांबले. पलीकडे टेकली. थांबले. मी बोलत होते, माझ्या त्याच बोलीत. शेवटी सांगितलं की अमुक व्हिडिओत ‘मधला’ राहून गेलाय, तो शब्द धरून ऐका.
सुनीलचा हात हलला म्हणून चित्र थरथरतं. मध्येच बाबांचा खोकला आहे.
माझ्या नावाने टाकला. मंदाला पाठवला. तिने वर्गाच्या ग्रुपवर टाकला. “आता कसं! ह्यो झाला बाकोबा,” तिचा मेसेज.
कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२६ ऑगस्ट, मंगळवार
उद्या गणपती, ऑफिस अर्धं रिकामं. मला मात्र बोलावणं. कंपनीची वकील बाई, रोहित सर, आणि अझहर. अझहर तिथे कशाला, ते मला बसल्यावर कळलं.

वकील बाईंचं म्हणणं, रेघ झुलवायची ती कल्पना कंपनीची आहे, मी ती बाहेर वापरली, वर कंपनीची बदनामी केली. म्हटलं, कल्पना माझी आहे. त्रिकोण माझा नाही, तो कोणाचाच नाही. पण असं दाखवायचं हे मी शाळेत शिकवायचे तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरत होते.
रोहित सरांनी अझहरला विचारलं. “झुलणारी बाजू कोणी सुचवली होती रे?”
तो टेबलाकडे बघत म्हणाला, “टीमने, सर.”
“टीममध्ये कोणी?”
“आठवत नाही. सगळ्यांनीच.”

जिन्यात गाठला. म्हटलं, अझहर, माझ्याकडे बघ तरी.
“ताई, घरात मी एकटा कमावतोय. अब्बांचं गॅरेज रस्ता रुंदीत गेलं, तुम्हाला माहितीये. मला यात ओढू नका.”
“मी कुठे ओढलं? मी खरं सांगायला सांगितलं.”
“तेच तर ओढणं आहे ना.”
गेला खाली. त्याच्यावर चिडायचं ठरवलं होतं, अजून जमत नाहीये. तो खोटं बोलला हे मात्र जात नाही डोक्यातून. त्या रेघा फिक्या करायचं त्याला सुचलं होतं, हे मी सगळ्यांना सांगत आले होते. त्याच्या नावासकट.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
सोसायटीच्या गणपतीत आरतीला गेले नाही. सुनील म्हणाला, डोकं दुखतंय सांगतो. काहीही सांग म्हटलं.

२ सप्टेंबर, मंगळवार
रोहित सरांनी चहाला बोलावलं, ऑफिसात नाही, बाहेर. म्हणजे काहीतरी देणार किंवा घेणार.
दोन्ही. कागद पुढे केला. त्यात असं आहे: सगळे व्हिडिओ, त्यातल्या कल्पना, मांडणी, सगळं कंपनीच्या टीमचं. माझा कशावर हक्क नाही. कुठे नाव सांगायचं नाही, घरचा व्हिडिओ काढून टाकायचा. सही केली की नोकरी राहील.
“आणि बाकोबा?”
“तुम्ही सही करा, त्याच आठवड्यात दुरुस्त करून सगळ्या शाळांना पाठवतो. झुलणाऱ्या रेघेसकट. केतकी परत रेकॉर्ड करेल.”
“आणि नाही केली तर?”
“मग विषय लीगलकडे जातो. तिथे सगळं जसं आहे तसं राहतं, मॅडम. माझ्या हातात काही राहत नाही.”
म्हणजे चूक दुरुस्त होऊ शकते हे त्यांना मान्य आहे. फक्त त्याआधी मी बोळा फिरवायचा. माझ्यावर.

चहा त्यांनीच संपवला. मी ग्लास हातात धरून बसले होते, पार गार झाला.

३ सप्टेंबर, बुधवार
मंदाकडे गेले. तिच्या ओसरीवर गौरीचे मुखवटे पुसत बसली होती, विसर्जन झालेलं. सगळं सांगितलं. वाटलं होतं ती पेटून उठेल.
“कर की सही,” म्हणाली.
“मंदे!”
“अगं, माझ्या वर्गाचं मी निस्तरलं. बाकीच्या शाळांचं कोन निस्तरनार? तुझा काड्यांचा व्हिडिओ बघितला कोनी? माझीच पोरं. त्यांचा समद्या तालुक्यात गेलाय. तुझं नाव असून त्या पोरांना काय मिळनार हाय?”
म्हटलं, पण ते माझं आहे.
“व्हय, हाय की. मी कुठं न्हाई म्हनते? पण पेपरात मार्क कुनाचं जानार?”

उठून आले. बसस्टॉपपर्यंत तिच्याशी मनात भांडत होते. तिला कोणी कधी सांगितलं नाही की तुझा आवाज चालणार नाही म्हणून. हेही बोलायला हवं होतं का? ती माझी मैत्रीण आहे. पण तिचं बोलणं गावचं, म्हणून गोड. माझं कुठलं तेच लोकांना आधी जाणून घ्यायचं असतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
शिक्षक दिन. मेसेज आले जुन्या पोरांचे. एक जण चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे, लिहिलंय, “मॅडम तुम्ही शिकवलेलं अजून लक्षात आहे.” काय लक्षात आहे ते लिहिलं नाही. विचारलंही नाही.

सुनील म्हणतो सही करायची नाही. सरळ आहे त्याचं. “आज नाव दिलंस, उद्या काय देशील?” त्याला मंदाचं म्हणणं सांगितलं. मग म्हणाला, “पण सही करायची नाही.”

बाबांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं. खिडक्या लावून ओरडले. तरी खालच्या मजल्यावर गेलंच असणार. त्यांनी सगळं ऐकलं, निदान ओठ तरी वाचले. म्हणाले, “मग परत शाळेत जा.”
शाळेतली माझी जागा भरलीय. हे नाही सांगितलं. पुन्हा तेवढं ओरडायची ताकद नव्हती.

८ सप्टेंबर, सोमवार
ऑफिसला गेले, कागद पर्समध्ये. रोहित सरांना म्हटलं, आधी दुरुस्त करा, माझ्या डोळ्यांसमोर शाळांना पाठवा, त्याच क्षणी सही करते. नाव नको. आवाज नको. काही नको.
हे बोलताना माझंच मला नवल वाटलं. रात्रंदिवस नाव नाव करत होते आणि किती पटकन सोडलं.
ते म्हणाले, “असं नसतं चालत, मॅडम. आधी सही.”
“का? विश्वास नाही?”
“तुमचाही कुठे आहे?”
बरोबर बोलले. या सगळ्यात तेवढं एकच वाक्य बरोबर बोलले.
उद्यापर्यंत सांगा म्हणाले.

अझहरची खुर्ची दुसऱ्या खोलीत हलवलीय. केतकी लिफ्टपाशी भेटली, माझा हात धरून म्हणाली, “ताई, मी त्यांना म्हटलं होतं तुमचं नाव द्या म्हणून. खरंच म्हटलं होतं.” असेल, म्हटलं. सोडवून घेतला हात.

९ सप्टेंबर, मंगळवार
गेले नाही ऑफिसला. सकाळी भाकरी करता करता तो चुकीचा व्हिडिओ परत लावला. का कोण जाणे. खाली एक नवी प्रतिक्रिया होती. “आत्ता समजलं ताई. मला वाटायचं कोन मधलाच पाहिजे. उगाच टेन्शन घेत होतो. थँक्यू.”

तव्यावरची भाकरी करपली.

या पोराला बरोबर येत होतं. आमचं बघून चुकलं.

त्याच्याखाली लिहिलं, बाळा, तुझंच बरोबर होतं. कोन मधलाच लागतो. हा व्हिडिओ अर्धा आहे. पाठवलं आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. हात पिठात असतानाच उत्तर आलं.
“तुम्ही कोण? व्हिडिओतल्या ताई तर तसं म्हणत नाहीत.”

हात धुऊन बसले. काय लिहू? मी शिक्षक होते असं लिहिलं, खोडलं. हा व्हिडिओ मी केलाय असं लिहिलं, तेही खोडलं, कारण मग तो म्हणेल, मग चुकीचा का केला. घरच्या व्हिडिओचा पत्ता द्यावा, तर आज सही केली तर तो संध्याकाळी नसेल.
एवढ्यात रोहित सरांचा मेसेज आला. “येताय ना? वाट बघतोय.”

दोघांनाही अजून उत्तर दिलेलं नाही.